पताका आणि प्राश्निक

सभागृहात अंधार केला जातो. पडद्यावर एक चित्र येते, क्षणभर थांबते आणि जाते. पुढच्या रांगेत बसलेले तीन परीक्षक हातातील कळ दाबून आपापले गुण नोंदवतात, बेरीज होते, पुढचे चित्र येते. हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धांचे परीक्षण बहुतेक ठिकाणी असेच चालते. पूर्वी कागदावरच्या प्रती एका उजळ चौकटीत एकामागून एक मांडल्या जात, पारदर्शिका प्रक्षेपकातून दाखवल्या जात. आता संगणक ते काम करतो. साधने बदलली, पण पाहण्याचा वेग काही कमी झाला नाही, उलट प्रवेशिकांची संख्या वाढत गेल्यामुळे तो वाढलाच. एखाद्या स्पर्धेला चार हजार प्रवेशिका आल्या आणि प्रत्येकीला पाच सेकंद दिले, तर नुसत्या पाहण्यातच साडेपाच तासांहून अधिक वेळ जातो. ज्या चित्रासाठी कोणी भर थंडीत पहाटे तीनला उठून तळ्याकाठी चिखलात बसला असेल, त्याच्या वाट्याला त्यातले पाच सेकंद येतात.

अल्प वेळात न्याय होऊच शकत नाही असे म्हणण्याची घाई करू नये. रागदारीचा जाणता श्रोता पहिल्याच आलापात गवयाचा वकूब ओळखतो आणि सराफाला सोने पारखायला दिवस लागत नाही. प्रश्न वेळेचा नाही. त्या पाच सेकंदांत जे घडते ते नेमके काय असते, हा प्रश्न आहे. परीक्षक चित्रात असलेला गुण शोधून काढतो, की स्वतःच्या मनात उठलेला तरंग आकड्यात मांडतो? पहिली गोष्ट घडत असेल तर तो चुकू शकतो, आणि चुकला तर त्याला जाब विचारता येतो. दुसरी घडत असेल तर तो चुकू शकतच नाही. पण मग त्याच्या निर्णयाला निर्णय तरी का म्हणावे?

हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांचा इतिहास या कलेइतकाच जुना आहे. दगेरच्या शोधाची माहिती पॅरिसमध्ये जाहीरपणे मांडली गेली ती ऑगस्ट १८३९ मध्ये. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि १८५६ साली कलकत्ता व मद्रास येथेही तशा संस्था निघाल्या. मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते; नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही होते. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात काचेवर रसायनाचा थर चढवून त्यावर उजेड पकडायचा, हा छंद खर्चिक होता, वेळखाऊ होता, आणि त्यातून काही मिळवायचे नव्हते. ‘हौस’ या शब्दाचा तो मूळ अर्थ. पुढे १८८८ साली शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कोडॅकचा कॅमेरा बाजारात आला आणि हौस स्वस्त झाली. त्याबरोबर आपले चित्र शेजाऱ्याच्या चित्राहून वेगळे आहे हे कोणीतरी सांगावे, ही गरजही वाढली. स्पर्धा ही त्या गरजेची सोय आहे.

कलकत्त्याच्या संस्थेतील एक प्रसंग या संदर्भात विसरता येत नाही. राजेंद्रलाल मित्र हे थोर प्राच्यविद्यापंडित त्या संस्थेचे पदाधिकारी होते. १८५७ साली टाउन हॉलमधील एका सभेत त्यांनी निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांवर कडक टीका केली आणि त्यापायी संस्थेने त्यांना दूर केले. त्या निर्णयाचा भिंगाशी किंवा काचेशी काहीएक संबंध नव्हता. छायाचित्रे पाहण्यासाठी जमलेली माणसे केवळ छायाचित्रे पाहत नसतात, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. कोण पाहतो आहे, कोणाच्या घरात बसून पाहतो आहे, आणि कोणाला त्या घरात बसू दिलेले नाही, हे प्रश्न गुणदानाच्या कितीतरी आधी सुटलेले असतात.

स्पर्धेच्या इतिहासात एक निर्णय असा आहे की त्याच्याभोवती या विषयातले बहुतेक सगळे पेच एकत्र आलेले दिसतात. १८८७ साली लंडनच्या ‘अॅमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने सुटीतल्या चित्रांची स्पर्धा घेतली. परीक्षक होते पीटर हेन्री इमर्सन. इमर्सन शिक्षणाने डॉक्टर. पण वैद्यकी सोडून ते नॉर्फोकच्या पाणथळ प्रदेशातील कोळी, बोरू कापणारे, शेतमजूर यांची छायाचित्रे काढीत होते. त्या काळी चित्रशाळेतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे नटवेषातली माणसे उभी करून, अनेक निगेटिव्ह एकत्र जोडून ‘कलात्मक’ चित्रे तयार करण्याची पद्धत प्रतिष्ठित होती. इमर्सन यांना तिचा मनापासून तिटकारा होता. स्पर्धेचे पहिले पारितोषिक त्यांनी तेवीस वर्षांच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याला दिले. तो बर्लिनमध्ये शिकत होता आणि उन्हाळ्यात इटलीत भटकत असताना बेलाजिओ गावी एका हसणाऱ्या घोळक्याचे चित्र त्याने टिपले होते. साऱ्या प्रवेशिकांत उत्स्फूर्त असे हेच एक काम आहे, असा इमर्सन यांचा अभिप्राय होता. रौप्यपदक आणि दोन गिनी मिळवणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे नाव आल्फ्रेड स्टिगलिट्झ.

पुढे स्टिगलिट्झ या कलेतला विसाव्या शतकातला एक मोठा माणूस ठरला, म्हणून इमर्सन यांचा निर्णय बरोबर होता, असे म्हणणे सोपे आहे. पण हा युक्तिवाद टिकणारा नाही. त्या चित्राला पदक मिळाले ते स्टिगलिट्झच्या भविष्याला नव्हे. आणि ज्यांना त्या दिवशी काही मिळाले नाही त्यांपैकी कोणी पुढे कॅमेरा ठेवूनच दिला असेल तर त्याचे चित्र त्या कारणाने वाईट ठरत नाही. निर्णय बरोबर होता की नाही हे त्या चित्रापुढे उभे राहूनच ठरवावे लागते, मागाहून हाती आलेल्या चरित्राच्या आधारे नव्हे.

खरा पेच पुढेच आहे. १८८९ साली इमर्सन यांनी निसर्गनिष्ठ छायाचित्रणावर ग्रंथ लिहिला. डोळा जसे पाहतो तसे छायाचित्राने दाखवावे, मध्यवर्ती वस्तू स्पष्ट आणि भोवताल किंचित धूसर असावा, आणि असे झाले की छायाचित्र ही स्वतंत्र कला ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वर्षभरातच हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांचे संशोधन त्यांच्यापुढे आले. काचेवर पडलेला उजेड आणि त्यातून निर्माण होणारा काळेपणा यांचे नाते ठराविक आहे, छायाचित्रकाराला त्यात मनाजोगा बदल करता येत नाही, असा त्याचा अर्थ इमर्सन यांनी घेतला; आणि त्यांनी काळ्या चौकटीची एक पुस्तिका काढून निसर्गनिष्ठ छायाचित्रणाचा मृत्यू झाल्याचे जाहीर केले. छायाचित्र ही कला नाही, आपण चुकलो होतो, अशी ती कबुली होती. इतक्या जाहीरपणे स्वतःचे मत खोडणारा परीक्षक विरळाच. इमर्सन यांचा स्वभाव भांडखोर म्हणून प्रसिद्ध होता, पण या भांडणात त्यांनी स्वतःलाही सोडले नाही.

मग १८८७ च्या त्या पदकाचे काय? ज्या कलेसाठी ते दिले ती कलाच नव्हे असे देणाराच म्हणू लागला, तर पदक खोटे ठरते का? स्टिगलिट्झने ते परत करण्याचा प्रश्न उद्भवला नाही आणि इमर्सन यांनीही ते मागितले नाही. निर्णय आणि त्याच्यामागचा सिद्धांत यांचे नाते आधारवेल आणि मांडव यांच्यासारखे नसते. मांडव काढला तरी वेल उभी राहू शकते. इमर्सन यांनी हसणाऱ्या त्या घोळक्याला पसंती दिली तेव्हा त्यांच्या हाती सिद्धांत होताच. पण पाहताना त्यांना जे जाणवले ते सिद्धांताहून थोडे अधिक होते. ‘उत्स्फूर्त’ या शब्दात धूसरपणाचा, केंद्राचा किंवा डोळ्याच्या रचनेचा उल्लेखही नाही. सिद्धांत कोसळला तेव्हा तो शब्द त्याच्याखाली सापडला नाही.

अभिरुचीचा निर्णय हा असा विचित्र प्राणी आहे, हे पाश्चात्त्य विचारवंतांनी त्याच्या शंभर वर्षे आधी ओळखले होते. ‘हे फूल सुंदर आहे’ असे म्हणणारा माणूस केवळ स्वतःच्या आवडीचा वृत्तांत देत नाही, सर्वांनी ते मान्य करावे अशी अपेक्षा ठेवतो. आणि तरीही ते मान्य करायला भाग पाडील असा कोणताही नियम त्याच्याजवळ नसतो. कांटने १७९० मध्ये मांडलेला हा पेच मराठी वाचकाला रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे परिचित आहे. ह्यूमने १७५७ मध्ये तो एका गोष्टीतून सोडवू पाहिला. सांचोच्या दोन नातेवाइकांनी पिंपातली दारू चाखली. एकाला तिला चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला अडकवलेली जुनी किल्ली निघाली. जाणत्याचे जिव्हाग्र खरे होते, एवढेच ह्यूमला सांगायचे आहे. पण छायाचित्राच्या स्पर्धेत पिंप कधीच रिकामे होत नाही. तळाशी किल्ली आहे की नाही हे पाहण्याची सोय नसते. म्हणून परीक्षकाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा की नाही हाच प्रश्न शेवटपर्यंत उरतो.

या प्रश्नाकडे आपल्याकडे फार जुन्या काळी, फार व्यवहारी दृष्टीने पाहिले गेले होते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. तेथे नाट्यस्पर्धा आहेत, जिंकणाऱ्याला पताका आहे आणि निवाडा देणारे ‘प्राश्निक’ही आहेत. विशेष हे की प्राश्निक म्हणजे कोणी एक सर्वज्ञ रसिक अशी भरताची कल्पना नाही. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक अशी ती यादी आहे. यज्ञाच्या प्रसंगात यज्ञवेत्त्याने बोलावे, अभिनयात नर्तकाने, शृंगाराच्या व्यवहारात वेश्येने, स्वर आणि ताल यांत गायकाने. आजच्या कोणत्याही परीक्षक मंडळात वेश्येला तिच्या ज्ञानाच्या बळावर मानाचे आसन मिळेल असे वाटत नाही. भरताला त्यात वावगे काही दिसले नाही. ज्याला जे ठाऊक, त्यात त्याचा शब्द प्रमाण.

त्याच अध्यायातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रयोगात होणारे ‘घात’, म्हणजे चुका आणि विघ्ने, मोजायचे, त्यांची नोंद करायची आणि त्यावरून स्पर्धकांची तुलना करायची, अशी व्यवस्था तेथे आहे. घात मोजता येतात. मानुषी सिद्धीच्याही खुणा दिसतात आणि ऐकू येतात: प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’ असा उद्गार, रोमांच, अंगावरचे वस्त्र किंवा बोटातली अंगठी फेकणे. पण त्यांच्यावर भरताने दैवी सिद्धी ठेवली आहे, आणि तिची खूण अशी की प्रेक्षागृह भरलेले असते आणि तेथे आवाज नसतो, क्षोभ नसतो. ज्या ठिकाणी मोजण्यासारखे काही उरत नाही तेथे श्रेष्ठ यश, असे मोजणीची पद्धत सांगणाऱ्या ग्रंथातच लिहिलेले आहे. गुणपत्रिका तयार करणाऱ्या प्रत्येक मंडळाने हे एकदा वाचावे.

गुणपत्रिका काय करते? ती बहुतांशी घात मोजते. क्षितिज तिरके आहे, पांढऱ्या भागातला तपशील गेला आहे, पक्ष्याचा डोळा स्पष्ट नाही, कडेला एक नको असलेली फांदी शिरली आहे, विषय नेमका मध्यावर आला आहे. हे दोष खरेच दोष असतात आणि नवशिक्याला ते कळणे हिताचेच असते. स्पर्धांनी हजारो माणसांना क्षितिज सरळ ठेवायला शिकवले हे उपकार लहान नाहीत. पण दोष नसणे म्हणजे चित्र असणे नव्हे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा विचार मांडला तो कलाकृतीची घडण उलगडण्यासाठी. मंडळांच्या वर्गात शिकवली जाणारी रचनेची सूत्रे दुरून त्यासारखीच दिसतात. फरक इतकाच की तेथे ती चित्र काढण्याच्या आधीच हाती दिली जातात.

बेरजेचीही एक स्वतःची अभिरुची असते. तीन परीक्षक आहेत आणि प्रत्येकाकडे दहा गुण आहेत असे समजू. एका चित्राला ते दहा, नऊ आणि चार गुण देतात, बेरीज तेवीस. दुसऱ्याला तिघेही आठ देतात, बेरीज चोवीस. दुसरे चित्र जिंकते. पहिल्याने दोघांना हलवले होते आणि एकाला दुखवले होते; दुसऱ्याने कोणालाही दुखवले नाही. अशा शेकडो बेरजा वर्षानुवर्षे होत राहिल्या म्हणजे विजेत्या चित्रांचा एक चेहरा तयार होतो. तो तिन्ही परीक्षकांपैकी कोणाच्याही एकट्याच्या मनातला नसतो. वाराणसीच्या घाटावरचे धुके आणि एकाकी नाव. पुष्करच्या वाळूत उंटांची मावळती रांग. सुरकुत्यांनी भरलेला, काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेला म्हाताऱ्याचा चेहरा. जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळा ढग आणि त्यात वर उचललेले हात. यांपैकी कोणतेही चित्र वाईट नाही. सोमवती अमावास्येला जेजुरी खरोखरच तशी पिवळी होते. पण खंडोबाला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत त्या दिवशी काय असते, ते भंडाऱ्याच्या ढगाहून कमी दिसते आणि त्याला गुणही कमी पडतात. म्हणून हळूहळू ते पाहायचेच राहून जाते.

रोलां बार्थने १९८० साली छायाचित्राविषयी लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, ज्यात सुसंस्कृत माणसाला सर्वसाधारण रस वाटतो ती. दुसरी, जी एखाद्या तपशिलातून अचानक टोचते ती. पहिलीवर तिघांचे एकमत होऊ शकते. दुसरी टोचते ती एकालाच, आणि का टोचली ते त्यालाही नीट सांगता येत नाही. आईच्या एका जुन्या छायाचित्राविषयी बार्थने पानेच्या पाने लिहिली आणि ते चित्र पुस्तकात छापले नाही. इतरांना ते हजारो चित्रांपैकी एक वाटले असते. स्पर्धेत ते पाठवले असते तर ते कितवे आले असते, हा प्रश्न विचारणेही अभद्र वाटते. तो अभद्र का वाटतो, याचा विचार मात्र करण्यासारखा आहे.

आतापर्यंत चर्चा सौंदर्याची झाली. परंतु छायाचित्राच्या स्पर्धेत गाजलेली भांडणे सौंदर्यावरून क्वचितच झाली आहेत. ती झाली आहेत सत्यावरून. १८५७ साली ऑस्कर रेलँडर यांनी तीसएक निगेटिव्ह जोडून सदाचार आणि दुराचार यांचे भव्य रूपकचित्र तयार केले आणि मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले. राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून एका मरणासन्न मुलीचे चित्र जोडले आणि लोक संतापले. असे दृश्य रंगवणाऱ्या चित्रकाराला कोणी बोल लावला नसता. मुलगी मरत नव्हती हे कळल्यावर तरी संताप शांत व्हायला हवा होता; पण त्याची जागा फसवले गेल्याच्या भावनेने घेतली. छायाचित्राने खरे सांगितले तरी अपराध आणि खोटे सांगितले तरी अपराध, अशी ही कोंडी होती.

अलीकडची उदाहरणे अधिक स्वच्छ आहेत. लंडनच्या एका सुप्रतिष्ठित वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २००९ सालचा सर्वोच्च सन्मान रात्रीच्या अंधारात कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाला. जानेवारी २०१० मध्ये तो काढून घेण्यात आला: लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. त्याच स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलमधील चमकत्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या चित्राला एका विभागात पारितोषिक मिळाले आणि २०१८ मध्ये ते रद्द झाले. तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही प्रसंगी चित्रात तसूभरही फरक पडलेला नव्हता. तीच झेप, तोच प्रकाश, तीच रचना. ज्या परीक्षकांनी ते सर्वश्रेष्ठ ठरवले त्यांनीच, तेच चित्र पाहून, ते स्पर्धेबाहेर काढले. ह्यूमच्या पिंपाची किल्ली या वेळी सापडली. पण ती अभिरुचीचा नव्हे, वस्तुस्थितीचा दरवाजा उघडणारी निघाली.

सौंदर्य चित्राच्या चौकटीतच असते असे मानणाऱ्याला यावर एकच उत्तर देता येते: परीक्षकांनी सौंदर्यनिर्णय बदलला नाही, केवळ नियम लागू केला. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे, तरीही ते पुरेसे वाटत नाही. लांडग्याच्या झेपेकडे पाहताना जो थरार उठला होता तो रेषांचा नव्हता. असा क्षण या जगात घडला आणि एक माणूस तेथे हजर होता, याचा तो थरार होता. लांडगा शिकवलेला होता असे कळताच तो थरार मागे घ्यावा लागतो, जसे एखाद्याची शोककथा ऐकून डोळ्यांत आलेले पाणी ती कथा बनावट निघाल्यावर मागे घ्यावे लागते. पाण्याचा थेंब तोच असतो, पण तो आता कोणासाठी आला होता हे सांगता येत नाही. छायाचित्र ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराच्या वक्तृत्वाला मिळालेली दाद त्याच्या खरेपणावर टेकलेली असते.

यंत्राने रचलेल्या प्रतिमा आल्यावर हा प्रश्न आणखी विचित्र झाला. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने एका जागतिक स्पर्धेच्या खुल्या विभागात मिळालेले पारितोषिक नाकारले. त्याची प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली होती आणि परीक्षक तयार आहेत की नाहीत हे पाहण्यासाठीच त्याने ती पाठवली होती. पुढच्याच वर्षी माइल्स अॅस्ट्रे याने उलट खेळ केला. पोटावर चोच खाजवताना मान दिसेनाशी झालेल्या रोहित पक्ष्याचे कॅमेऱ्याने काढलेले खरे छायाचित्र त्याने दुसऱ्या एका स्पर्धेत यंत्रनिर्मित प्रतिमांच्या विभागात पाठवले. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, प्रेक्षकांनीही सर्वाधिक पसंती दिली, आणि खरी गोष्ट उघड झाल्यावर त्याला बाद करण्यात आले. खरेपणासाठी बाद झालेले छायाचित्र ही या कलेच्या इतिहासातली नवी घटना आहे. दोन्ही वेळा परीक्षकांवर हसणे सोपे होते आणि लोक हसले. पण परीक्षक चित्राकडे पाहत होते, आणि विचारलेला प्रश्न चित्राच्या मागच्या बाजूला लिहिलेला होता.

मागच्या बाजूला आणखीही काही असते. स्पर्धांचे नियम आता मूळ डिजिटल नोंद मागतात, काय जोडले आणि काय पुसले ते विचारतात. घरट्यातील पक्ष्यांची चित्रे अनेक ठिकाणी स्वीकारलीच जात नाहीत, कारण पिलांच्या जवळ जाण्याच्या हव्यासात आडव्या येणाऱ्या फांद्या छाटल्या जातात आणि घरटे ऊन्हाला व कावळ्यांना उघडे पडते. पक्ष्याच्या बाजूने हा विचार झाला हे चांगलेच झाले. सुरकुतलेल्या म्हाताऱ्याच्या बाजूने तो अजून तसा झालेला नाही. पाच-पन्नास रुपये देऊन त्याला खिडकीजवळ बसवले जाते, विडी पेटवायला सांगितले जाते, धूर उजेडात यावा म्हणून मान वळवायला सांगितले जाते. एकाच दिवशी दहा जण त्याच खिडकीतून तेच चित्र घेतात आणि दहा निरनिराळ्या स्पर्धांत ते निरनिराळ्या नावांनी जाते. शीर्षक बहुधा ‘एकाकी’ किंवा ‘आयुष्य’ असे असते. त्या खोलीत त्या वेळी अकरा माणसे होती.

यात फसवणूक कोणाची होते? म्हाताऱ्याला पैसे मिळाले, त्याची तक्रार नाही. परीक्षकांना उत्तम चित्र मिळाले. छायाचित्रकाराला पदक मिळाले. तरीही त्या माणसाचे एकाकीपण, ते असेलच तर, या सर्व व्यवहारात कोणीही पाहिलेले नाही; त्याच्या जागी एक ठरलेले एकाकीपण बसवले गेले आणि ते त्याच्या चेहऱ्यावर छापले गेले. लांडग्याच्या बाबतीत जो खोटेपणा स्पर्धेबाहेर काढण्यास पुरेसा ठरला, तोच येथे कौशल्य म्हणून गणला जातो. निसर्गविभागात प्राण्याला नट बनवणे निषिद्ध आहे आणि मानवविभागात माणसाला नट बनवणे चालते, या भेदाचे समर्थन कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नाही, कारण तो भेद कोणी ठरवून केलेला नाही. तो परीक्षकांच्या पाच सेकंदांत, न बोलता झालेला आहे. चौकटीच्या बाहेर काय घडले ते त्यांना दिसत नाही हे खरे. पण दरवर्षी तीच विडी आणि तोच धूर समोर येत असताना ते मुळीच कळत नाही, असेही म्हणता येणार नाही.

राहिला हरलेला स्पर्धक. त्याच्याविषयी लिहिले जात नाही, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखी बातमी नसते. त्याला एक आकडा मिळतो. कारण मिळत नाही. न्यायालयात हरलेल्या पक्षकाराला निकालपत्र मिळते, ते पटले नाही तरी वाचता येते, त्याच्याशी भांडता येते. येथे निवाडा आहे, पण निकालपत्र नाही. काही जुन्या मंडळांत परीक्षणानंतर चित्रे पुन्हा लावून परीक्षक त्यांच्यावर बोलत असत, आणि एखादा स्पर्धक उठून त्यांच्याशी वादही घालत असे. हे जेथे चालते तेथे हरणाऱ्याची संख्या कमी होत नाही, पण त्याचे चित्र दुसऱ्यांदा पाहिले जाते. कित्येकदा त्या दुसऱ्या पाहण्यात परीक्षकाचाच सूर बदलतो. गुण मात्र बदलता येत नाहीत, ते आधीच जाहीर झालेले असतात.

१८९२ साली लंडनमध्ये ज्या छायाचित्रकारांनी जुन्या संस्थेपासून फुटून आपले मंडळ काढले, त्यांनी पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनात पदके ठेवलीच नाहीत. निवड झाली हाच सन्मान. आजच्या स्पर्धांत ‘स्वीकृती’ला मानतात, त्याचे मूळ त्या निर्णयात सापडते, पुढे स्वीकृतीचीही मोजणी सुरू झाली, अमुक इतक्या स्वीकृतींना अमुक पदवी असे कोष्टक आले, आणि पदके मागच्या दाराने परतली. स्टिगलिट्झने स्वतः शंभराहून अधिक पदके मिळवली.

इमर्सन यांनी छायाचित्र ही कला नाही हे आपले मत अखेरपर्यंत मागे घेतले नाही. तरीही १९२५ पासून, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःच्या नावाची पदके तयार करवून ती आपल्या मते उत्तम ठरलेल्या छायाचित्रकारांना द्यायला सुरुवात केली. या स्पर्धेला प्रवेशशुल्क नव्हते, विभाग नव्हते, दुसरा परीक्षक नव्हता, आणि कोणी प्रवेशिका पाठवलेली नव्हती. काही मानकरी तर केव्हाच मरून गेलेले होते. त्यांत जुलिया मार्गारेट कॅमेरॉन होती: कलकत्त्यात जन्मलेली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने आणि जावयाने भेट दिलेल्या कॅमेऱ्यावर शिकलेली, आणि चित्रे स्पष्ट येत नाहीत म्हणून लंडनच्या छायाचित्रण नियतकालिकांनी १८६५ च्या सुमारास झोडपलेली. ती १८७९ साली सिलोनमध्ये वारली. पदक तिच्या नावाने कोरले गेले तेव्हा त्या घटनेला जवळजवळ अर्धे शतक होत आले होते.